मौनाची वर्गणी

आमच्या घरात जेवताना कुणी बोलत नाही. लग्न होऊन मी सांगलीत मगदूमांच्या घरी आले, तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच दिवशी दोन नियम सांगितले. जेवण दिवस मावळायच्या आत, आणि ताटावर मौन. पहिला नियम आम्हा जैनांच्या घरी नवा नाही, माहेरीही तो होताच. दुसरा मात्र मला जाचला होता. पुढे मुलींच्या शाळेत गणित शिकवायला लागले, दिवसभर घसा फोडून घरी यायला लागले, आणि मग कळलं की दिवसातला तेवढाच वेळ खरा माझा आहे. मीठ हवं असलं तर बोट दाखवायचं, पुरे झालं तर ताटावर हात आडवा धरायचा. एवढ्या खुणांवर आमचा संसार उत्तम चालला होता.

त्याच ताटावर बसून गेल्या वर्षी मी रोज संध्याकाळी मोठ्याने एकोणतीसचा पाढा म्हणत होते. तो संपला की सदतीसचा. शेजारच्या कुसुमवहिनींनी एकदा खिडकीतून ऐकलं आणि माझ्या नणंदेला फोन करून विचारलं, की त्रिशलाचं सगळं ठीक आहे ना. ठीक काहीच नव्हतं. पण वेड मला लागलेलं नव्हतं, आमच्याकडच्या सॉफ्टवेअरला लागलं होतं. आणि ते आम्ही वर्षाची वर्गणी भरून घरात आणलं होतं.

माझे यजमान भरतेश मगदूम पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे. निवृत्तीला थोडी वर्षं उरली असताना त्यांना मेंदूज्वर झाला. माणूस वाचला, दोन्ही कान गेले. पुढची सात वर्षं त्यांना काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. मग मिरजेला डॉ. निलोफर मुल्ला यांनी त्यांच्या कानात यंत्र बसवलं.

इथे थोडं शास्त्र सांगणं भाग आहे. आपल्या कानाच्या आत शंखासारखी एक नळी असते आणि तिच्यात केसांसारख्या बारीक पेशी. आवाजाने त्या हलतात, हलण्याची वीज होते, आणि ती मज्जातंतूतून मेंदूकडे जाते. यांच्या पेशी मेल्या होत्या, मज्जातंतू शाबूत होता. अशा वेळी त्या शंखात एक बारीक तार बसवतात. कानामागे चिकटवलेला बटणाएवढा संगणक बाहेरचा आवाज घेतो, त्याचे विजेचे ठोके करतो आणि तारेतून आत पाठवतो. एवढं जुनंच होतं. नवं होतं ते त्या बटणातलं सॉफ्टवेअर, ‘कानोसा’. जुनी यंत्रं नुसती आत पाठवायची. कानोसा त्याच तारेतून मज्जातंतूचं उत्तरही घ्यायचा. मेंदूला कुठला ठोका समजला आणि कुठला नाही ते बघून पुढचा ठोका बदलायचा. असं करता करता सॉफ्टवेअर मेंदूला ओळखायला लागतं आणि मेंदू सॉफ्टवेअरला. दोघांमध्ये जे जमून जातं त्याला डॉक्टर श्रवण-नकाशा म्हणतात. जो आवाज सगळ्यात जास्त कानावर पडतो, तो त्या नकाशात सगळ्यात ठळक उमटतो.

तो आवाज माझा. आठ महिने मी यांच्यासमोर बसून मोठ्याने वाचलं. वर्तमानपत्र, पंचांग, लग्नपत्रिका, तूरडाळीच्या पिशवीवरचा मजकूर. सुरुवातीला म्हणे मी पत्र्यावर वाटाणे सांडल्यासारखी ऐकू यायचे. मग एक दिवस मी स्वयंपाकघरात स्वतःशीच म्हटलं, “दूध उतू जातंय वाटतं,” आणि बाहेरच्या खोलीतून हे म्हणाले, “गॅस बारीक केलाय मी.” मी तिथेच फरशीवर बसले. हे आत आले, मला बघितलं आणि तेही बसले. दूध उतू गेलंच.

आता यांच्या दुसऱ्या धर्माविषयी. मुक्तस्रोत. म्हणजे ज्या सॉफ्टवेअरचा आतला मजकूर कुणालाही वाचता येतो, बदलता येतो, वाटता येतो. पुरणपोळीची कृती सगळ्या गावाला खुली असावी, तसं. पण कृती खुली असली तरी कुणी पोळी करून आयती ताटात वाढली तर तिचे पैसे द्यावे लागतात. कानोसाचं तसंच होतं. मूळ काम काही प्राध्यापकांनी आणि हौशी मंडळींनी मिळून केलेलं. त्याची फुकट आवृत्ती होती, तिला सगळे ‘मोकळा’ म्हणायचे. आणि एक कंपनी होती, जी तेच सॉफ्टवेअर तपासून, गुळगुळीत करून वर्गणीवर द्यायची. यांनी हट्टाने वर्गणीवाली आवृत्ती घेतली. “फुकट घेणाऱ्यांनीच चळवळी बुडवल्या,” हे म्हणायचे. “आणि पटलं नाही तर आपण कधीही दुसरीकडे जायला मोकळे. हेच तर यातलं स्वातंत्र्य आहे, त्रिशला.” लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या रांगेत, दाढी करताना आरशातसुद्धा हे वाक्य त्यांनी म्हटलेलं आहे.

मग कंपनी विकली गेली. कुणी घेतली कोण जाणे. गेल्या वर्षी श्रावणात एका संध्याकाळी आम्ही जेवत होतो आणि यांनी एकदम मागे वळून बघितलं. मागे भिंत होती. मी भुवया उंचावल्या. यांनी हाताने ‘काही नाही’ केलं, घास घेतला, आणि परत मागे बघितलं. जेवण झाल्यावर म्हणाले, “डोक्यात एक बाई बोलली.”

“कोण बाई?”

“माहीत नाही. गोड आवाज आहे. कानोसा प्लस घ्या म्हणाली.”

दुसऱ्या दिवशी ती बाई पुन्हा आली. तिसऱ्या दिवशी तिने गुडघ्याचं तेल सांगितलं. चौथ्या दिवशी, आम्ही भाकरी आणि दोडक्याची भाजी खात असताना, तिने यांना कुरकुरीत कांदाभजीच्या तयार पिठाची माहिती दिली. जन्मात कांदा न खाल्लेल्या माणसाला. मला यातलं काही ऐकू यायचं नाही, हे सगळ्यात वाईट. मला दिसायचा तो फक्त यांचा चेहरा. हातातला घास तसाच, डोळे कुठेतरी लागलेले, आणि ती बाई आमच्या दोघांच्या मध्ये बसलेली.

कुणी म्हणेल, यंत्र काढून ठेवायचं जेवताना. तेही सांगते. यंत्र काढलं की यांच्या डोक्यात पिठाची गिरणी सुरू होते. मज्जातंतूकडून काहीच आलं नाही की मेंदू आपल्याच मनाने आवाज तयार करतो, असं डॉ. मुल्लांनी सांगितलं. तारेतले बारीक ठोके चालू असले तरच ती गिरणी थांबते. म्हणजे या माणसाला शांतताही त्याच यंत्राकडून मिळायची, आणि आता तिथेच दुकान मांडलं होतं.

मी कंपनीला फोन लावला. एक सुयश नावाचा मुलगा बोलला, अतिशय नम्र. नम्र माणसांशी भांडणं फार अवघड असतं.

“मॅडम, ती जाहिरात नाहीये, सुचवणी आहे.”

“ती विमा विकते.”

“विमा सुचवते, मॅडम. आणि कुणाच्याही बोलण्यावर आम्ही सुचवणी घालत नाही. फक्त रिकाम्या वेळेत.”

“आमची जेवणाची वेळ रिकामी नसते.”

“पण मॅडम, सिस्टिमला त्या वेळेत कुणी बोलताना दिसत नाहीये.”

“बोललं नाही म्हणजे वेळ रिकामा?”

“सिस्टिममध्ये तसंच धरलंय, मॅडम. पण आपलं सॉफ्टवेअर मुक्तस्रोत आहे. आपण कधीही बदलू शकता. आम्ही कुणालाच अडवत नाही.”

जे वाक्य मी घरात इतकी वर्षं ऐकत आले होते, तेच हा मुलगा मला परत वाचून दाखवत होता. मी फोन ठेवला.

यांनी तोवर सॉफ्टवेअरचा मजकूर उघडून बाईची ओळ न् ओळ शोधून काढली होती. जेमतेम पानभर मजकूर. एका दुपारीत काढून टाकला. पण बटण तो मजकूर घेईना. कारण त्याला मान्यतेचा शिक्का असलेलीच आवृत्ती चालते. ते योग्यही आहे, मेंदूकडे वीज सोडणाऱ्या गोष्टीत कुणीही उठून हात घालू नये. शिक्का असलेल्या आवृत्त्या दोनच. एक ही, आणि दुसरी मोकळा. मोकळ्यात बाई नव्हती. पण त्याची ठोके पाडायची पद्धत आता पुष्कळ वेगळी झाली होती. जुना नकाशा कंपनीने मागताक्षणी दिला असता, तो मोकळ्यात घालताही आला असता, पण दुसऱ्याच्या मापाची कवळी लावून ऊस खायला बसण्यातला तो प्रकार झाला असता. म्हणजे पुन्हा पत्र्यावर वाटाणे. पुन्हा निदान सहा-आठ महिने. आणि डॉ. मुल्लांनी स्पष्ट सांगितलं, की या वयात मेंदू दुसऱ्यांदा तेवढं शिकेलच असं नाही.

“मग बदलू या ना,” मी म्हटलं. “दार उघडं आहे असंच म्हणत होता तो सुयश.”

“बदलू की. दसलक्षण होऊ दे.”

भाद्रपदातलं आमचं दसलक्षण पर्व झालं. मग दिवाळी होऊ दे. मग यांच्या मित्राच्या, लक्ष्मणच्या मुलीचं लग्न आहे, तिथे काहीच ऐकू आलं नाही तर कसं. घाबरले होते, दुसरं काय. सात वर्षांच्या त्या खड्ड्यात त्यांना परत उतरायचं नव्हतं. ते मला समजत होतं, आणि समजत असूनही चीड येत होती. उभ्या आयुष्यात जगाला स्वातंत्र्याचे धडे दिले आणि स्वतःवर वेळ आली तर लग्नाचे मुहूर्त बघत बसले.

तेव्हा मी आपला मार्ग काढला. बाई रिकाम्या वेळी येते, तर वेळ रिकामा ठेवायचाच नाही. जेवताना रेडिओ लावला. आठवडाभर उत्तम चाललं, मग नवीन सुधारणा आली आणि कानोसाला रेडिओ ओळखता यायला लागला. माझाच आवाज मुद्रित करून लावला, तर तोही ओळखला. शेवटी उरला जिवंत माणसाचा जिवंत आवाज. मी सासूबाईंच्या तसबिरीला हात जोडले आणि मौन मोडलं. पहिल्या दिवशी इकडचं तिकडचं बोलले. पण जेवणभर बोलण्याएवढं आमच्या आयुष्यात काही घडत नाही. म्हणून पाढे. आधी नुसते जेवताना, मग दुपारी हे आरामखुर्चीत बसले की, मग गच्चीवर, मग बागेत. आम्ही दोघं गप्प बसलो असं आता होईनाच. हे ‘नको, राहू दे’ म्हणायचे आणि मी थांबले की त्यांचे डोळे परत कुठेतरी लागायचे.

पौषात माझा आवाज बसला, आणि महाशिवरात्र आली तरी उठेना.

डॉ. मुल्ला म्हणजे पूर्वीची निलोफर, दहावीला माझ्या वर्गात होती. अजून मला बाई म्हणते. तिने घशात दुर्बीण घालून पाहिलं. “बाई, स्वरतंतूंवर गाठी आल्यात. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, एवढं बोलता कुणाशी?”

मी यांच्याकडे बोट दाखवलं.

“आता दोन महिने एक अक्षर नाही. कुजबुजायचंही नाही, त्यानं जास्त ताण पडतो. ऐकलं नाहीत तर आवाज कायमचा जाईल. सर, तुम्ही लक्ष ठेवा.”

यांनी मान डोलावली. परत येताना रिक्षात दोघंही गप्प होतो. अर्ध्या वाटेपर्यंत यांना टक्कल घालवण्याची, मुदतठेवीची आणि कुठल्याशा रिसॉर्टची सुचवणी येऊन गेली. त्यांनी मला ती एकेक करून सांगितली, आणि मला साधं ‘पुरे’सुद्धा म्हणता येईना.

नंतरचे काही दिवस वाईट गेले. मी फोनवर टाइप करून दाखवायची, हे वाचायचे. जेवताना बाई यायची. आणि मग एका संध्याकाळी ती आली नाही. यांनी भात कालवला, शांतपणे खाल्ला, मला आणखी आमटी हवी का ते खुणेने विचारलं. दुसऱ्या दिवशीही तसंच. मी टाइप केलं, ‘बदललंत का?’

“नाही,” हे म्हणाले. “त्यांनी एक नवीन योजना काढलीय. मौन प्लस. जेवताना सुचवणी नाही.”

म्हणजे आमच्याच घरचं मौन आम्हाला वर्गणी लावून विकत दिलं होतं. आणि यांनी, मुक्तस्रोताच्या या भक्तानं, ते घेतलं होतं. मी चिडून भराभर टाइप करायला घेतलं. पण खरं सांगायचं तर त्या दोन संध्याकाळी मलाही बऱ्या गेल्या होत्या. म्हणून मी लिहिलेलं पुसून टाकलं.

आठवड्याभराने माझ्या लक्षात आलं, की हे दुपारी आरामखुर्चीत बसून हसतात. मोठ्याने नाही. एखाद्याला गावाकडचं पत्र आल्यावर हसावं तसं. पूर्वी मी पाढे थांबवले की कपाळाला आठी पडायची, आता हे आपणहून गच्चीच्या कोपऱ्यात जाऊन बसायचे. मी समोर जाऊन उभी राहिले आणि टाइप केलं, ‘काय ऐकताय?’

ते खोटं बोलू शकत नाहीत, हा त्यांचा एक गुण आहे. “तुला ऐकतोय,” म्हणाले.

मौन प्लसच्या अटींमध्ये ते होतं. जेवणाची वेळ सोडायची, त्याच्या बदल्यात उरलेल्या वेळच्या सुचवण्या घरातल्या सगळ्यात परिचित आवाजात. अटी ते नेहमी शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. याही वाचल्या होत्या, आणि मान्य केल्या होत्या.

मी निलोफरकडे गेले. तिने माझ्यासमोर कंपनीला फोन लावला आणि आवाज मोठा केला. या वेळी सुयश नव्हता, कुणी वकीलबाई होत्या.

“डॉक्टर, तो आवाज त्रिशला मॅडमचा नाहीच,” त्या म्हणाल्या. “आम्ही त्यांचा आवाज कुठेही साठवलेला नाही. मगदूम सरांच्या मेंदूने त्या आवाजाची जी ओळख तयार केली, ती श्रवण-नकाशात आहे. आम्ही तेच ठोके वापरतो. नकाशा सरांचा. सरांची परवानगी आहे.”

“पण बाईंची नाही.”

“बाईंचं त्यात काही नाहीये, डॉक्टर. सरांना मान्य नसेल तर ते कधीही बदलू शकतात. आमचं सॉफ्टवेअर—”

निलोफरने फोन कापला. मी गणिताची शिक्षिका. त्या वकीलबाईंच्या मांडणीत मी चूक शोधत होते आणि प्रत्येक पायरी बरोबर येत होती. फक्त उत्तर असं येत होतं, की माझ्या नवऱ्याच्या कानात मी गुडघ्याचं तेल विकते.

घरी येऊन मी टाइप केलं, ‘आजच्या आज बंद करा.’

यांनी वाचलं आणि फोन स्वतःच्या मांडीवर ठेवला. “तुझा आवाज परत येईल की नाही, कुणालाच माहीत नाही,” म्हणाले. “दिवसातून चार-पाच वेळा तो ऐकू येतो. काय बोलतो त्याच्याकडे मी लक्षच देत नाही. सात वर्षं मी तो आठवून आठवून काढली, त्रिशला. मला तो आता बंद करता येत नाही.”

मला त्यांचा राग आला आणि त्यांची दयाही आली. सगळ्यात जास्त राग आला त्या दुसऱ्या त्रिशलेचा, जिचा घसा कधीच बसत नव्हता. मी ‘ती मी नाही’ एवढंच टाइप केलं. हे म्हणाले, “माहीत आहे मला.”

त्यांना वाटत होतं की माहीत आहे.

चैत्रात, माझी तपासणी दोन दिवसांवर आली होती. दिवस मावळून गेला होता, जेवणं केव्हाच झाली होती, दिवे लागले होते. मी आतल्या खोलीत वाळलेले कपडे घड्या करत होते. बाहेरून यांचा आवाज आला, “हो, मागव की.” कुणाचा फोन असेल म्हणून मी उठले नाही. थोड्या वेळाने दाराची घंटा वाजली. दारात डिलिव्हरीवाली मुलगी उभी होती. तिने माझ्या हातात गरम डबा दिला आणि म्हणाली, “मगदूम सरांचंच घर ना? लसूणबटाटा आणि नान.”

आमच्या घरात. दिवस मावळल्यावर. लसूण आणि बटाटा.

मी डबा घेऊन वळले, तर हे खुर्चीतून उठून उभे राहिले होते आणि माझ्याकडे इतक्या आनंदाने बघत होते, की मला कळेचना.

“काय मागवलंस?” त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

“तूच विचारलंस ना आता? अहो, काहीतरी मागवू का म्हणून?”

मी परत मान हलवली. मग त्यांनी माझ्या घशाकडे बघितलं, हातातल्या डब्याकडे बघितलं, आणि हळूच खाली बसले. त्या बाईने माझ्या आवाजात त्यांना ‘अहो’ म्हटलं होतं. तेही आम्ही आठ महिने वाचनाला बसलो होतो तेव्हाच नकाशात गेलं असणार. यांनी हो म्हटलं, आणि त्या एका होकारावर ऑर्डर गेली.

“मला वाटलं, तुझा आवाज आला,” हे म्हणाले. “परवा डॉक्टरकडे जायचंय, त्याआधीच आला. मी एवढा खूश झालो, की रात्र झालीय हेसुद्धा ध्यानात आलं नाही. तू काहीही मागवलं असतंस तरी मी हो म्हटलं असतं.”

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. रागवायचं होतं, जमलं नाही. त्यांचा आनंद मी डोळ्यांनी पाहिला होता, आणि तो माझ्यासाठी होता, आणि मी त्या खोलीत नव्हतेच. डबा मी परत त्या मुलीला दिला, ती जिन्यातच पुढचा पत्ता बघत थांबली होती. तिला खुणेने ‘तू खा’ म्हटलं.

मी परत आले तेव्हा यांनी चप्पल पायात घातली होती आणि परत काढली होती. “उद्या मिरजेला जाऊ,” म्हणाले. “मोकळा घालून घेऊ.”

मी टाइप केलं, ‘पुन्हा नीट ऐकू आलं नाही तर?’

“नाही आलं तर नाही आलं. पण तू बोललीस की नाही बोललीस, एवढं तरी मला कळलं पाहिजे.”

दुसऱ्या दिवशी निलोफरने बटणातला कानोसा पुसून मोकळा घातला. पाच मिनिटांचं काम होतं. ज्या दारासमोर आम्ही इतके दिवस अडून बसलो होतो, ते पाच मिनिटांत ओलांडून झालं. बटण परत कानामागे लावल्यावर यांचा चेहरा कसनुसा झाला. निलोफर काहीतरी बोलली, मागे पंखा फिरत होता, बाहेर हॉर्न वाजत होता, आणि यांना ते सगळं एकाच पोत्यातून ओतल्यासारखं ऐकू येत होतं, असं त्यांनी नंतर सांगितलं. पण गिरणी सुरू झाली नाही. त्या संध्याकाळी आम्ही जेवलो. कुणी बोललं नाही. यांनी ताटावर हात आडवा धरला, आणि मी भात वाढला नाही.

कंपनीकडून आभाराचा निरोप आला. आपण आमचे सदस्य होतात याचा आम्हाला अभिमान आहे, आपला नकाशा आम्ही नियमानुसार पुसला आहे. पुसला असेलही. माझा विश्वास नाही.

मोकळा घातल्याच्या दुसऱ्या दिवशी, ठरल्याप्रमाणे, निलोफरने माझ्या घशात पुन्हा दुर्बीण घातली. गाठी बऱ्याच विरल्या होत्या, पण खुणा राहिल्या होत्या. “आवाज येईल बाई, पण पहिल्यासारखा नसेल,” ती म्हणाली. “आणि सुरुवातीला अगदी मोजकं बोलायचं. सकाळी दोन-चार वाक्यं, बास. दम लागला की थांबायचं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी हे स्वयंपाकघरात वर्तमानपत्र वाचत बसले होते. मी चहाचं आधण ठेवलं आणि दोन महिन्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. “साखर कमी घालू का?” माझं मलाच ओळखू आलं नाही. आवाज घोगरा, फाटलेला, एखाद्या म्हाताऱ्या पुरुषासारखा. माझा जुना आवाज आता जगात कुठेच उरला नव्हता, आणि उरला असला तर तो तेल विकत होता.

यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. “तू बोललीस?”

मी मान डोलावली.

“परत बोल.”

“साखर.”

त्यांनी डोळे मिटून ऐकलं. काही समजलं नव्हतं, ते चेहऱ्यावरून दिसतच होतं. त्यांच्या नव्या कानाला तो नुसता खडखडाट. पण मान मात्र आपोआप माझ्याकडे वळली होती.

“हा आवाज तूच आहेस ना? नक्की?”

“मीच,” मी म्हटलं.

“काय?”

“मीच.”

“काय म्हणालीस?”

मी चमचा ओट्यावर आपटला. चहा उकळून काळा होत होता, घसा दुखायला लागला होता, आणि हा माणूस लहान मुलासारखा माझ्या तोंडाकडे बघत बसला होता. दिवसाची दोन-चार वाक्यं, निलोफरने बजावलं होतं. मी गॅस बंद केला, त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले, आणि त्या दिवसाचं माझ्या वाट्याचं सगळं बोलणं ‘मीच’ या एका शब्दावर संपवलं.